वन्संनी पाहिलेलं माझं कलकत्ता

कल्याणला हावडा मेलमध्ये चढलो तेव्हा माझे सामानाचे दोन डाग होते आणि वन्संचे सात. सातांत एक फिरकीचा तांब्या, एक स्टोव्ह, मेतकुटाची बरणी आणि पितळी डब्यात दोन किलो साबुदाणा. "वन्सं, कलकत्त्यात साबुदाणा मिळतो," मी म्हटलं. "मिळत असेल," त्या म्हणाल्या, "पण तो त्यांचा असेल." मी डाग मोजले आणि बाकाखाली सरकवले.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते. वन्संनी लग्न केलं नाही, ह्यांना वाढवलं, मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून आम्हांला शिकवतात. कपबशी कुठल्या हातानं उचलावी इथपासून त्यांचा अभ्यासक्रम सुरू होतो.

आम्ही सहा वर्षं कलकत्त्याला होतो. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, काम खिदिरपूरच्या गोदीत, घर बालीगंजला. मग पुण्याला बदली झाली आणि आम्ही वन्संच्या घरी राहायला आलो. तेव्हापासून दोन वर्षं मी घरात एकच जप लावला होता. दही खाल्लं की कलकत्त्याचं दही आठवायचं, बसमध्ये बसलं की ट्राम आठवायची, थंडी पडली की तिथला खजुराचा गूळ. मी पोळ्या लाटत बोलायची आणि वन्सं भाजी निवडत नाक मुरडायच्या.

आणि डिसेंबरात ह्यांना बढतीचं पत्र आलं. जागा कलकत्त्याची. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. माझी मनातल्या मनात बांधाबांध सुरूसुद्धा झाली, पण हे म्हणाले, "ताई येणार असेल तर जाऊ. तिला पुन्हा एकटी टाकून मी जायचा नाही. तूच विचार तिला." मी विचारलं. वन्संनी चष्मा पुसला. "दोन वर्षं तुझं कलकत्ता ऐकतेय. एकदा डोळ्यांनी बघते, मग सांगते."

म्हणजे दहा दिवसांत मला एका पुणेकर गणिताच्या बाईंना कलकत्ता आवडवायचं होतं. मुलाला ह्यांच्या स्वाधीन केलं, गणपतीला नारळ बोलले आणि निघाले.

हावडा स्टेशनातून बाहेर आलो तेव्हा मला भरून आलं. तोच पूल, तीच खाली वाहणारी गंगा, तीच माणसांची रीघ. हिवाळ्याच्या सकाळी कोळशाच्या शेगड्यांचा धूर शहरावर बसतो, तोही तसाच बसला होता. मी छाती भरून श्वास घेतला. वन्संनी पदर नाकाला लावला. "काही जळतंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, सकाळ झालीय."

टॅक्सी पूल ओलांडून जेमतेम पुढे गेली आणि थांबली. समोर मिछिल (मोर्चा) होता. आमच्या सरदारजींनी इंजिन बंद केलं, पागोटं सारखं केलं आणि डोळे मिटले. "हे किती वेळ चालायचं?" वन्संनी विचारलं. "चालतंय तोवर," सरदारजी डोळे न उघडता म्हणाले. एक तास दहा मिनिटं आम्ही बसून होतो. वन्संनी घड्याळात पाहून तो आकडा पाठ करून ठेवला आणि पुढचे दहा दिवस मला वेळोवेळी सांगितला. मोर्चा कशासाठी होता हे त्यांनी खिडकीतून तिघांना विचारलं. तिघांनी तीन कारणं सांगितली, आणि तिघेही मोर्च्यातलेच होते.

बालीगंजला आम्ही उतरणार होतो मासीमांकडे. मासीमा (मासी म्हणजे मावशी, मा जोडलं की आदर) आमच्या जुन्या घराच्या मालकीणबाई. साठीच्या विधवा, खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, अंगानं आणि मनानं ऐसपैस. त्यांनी मला पोटाशी धरलं, वन्संचे दोन्ही हात हातात घेतले आणि बसायच्या आत मातीच्या गाडग्यातलं दही पुढे केलं. मिष्टी दोई (गोड दही). दोन वर्षं ज्याची मी आरती म्हणत होते ते दैवत समोर आलं. मी वन्संच्या तोंडाकडे बघत राहिले.

वन्संनी चमचाभर खाल्लं. विचार केला. "श्रीखंड करायला घेतलं आणि मध्येच कंटाळा आला, तसं झालंय," त्या म्हणाल्या. मासीमांनी मला विचारलं, "की बोललेन?" (काय म्हणाल्या?) मी म्हटलं, "फार आवडलं म्हणतायत." मासीमांनी लगेच दुसरं गाडगं आणलं. खोटं बोललं की असं होतं.

माझ्या मनात एक यादी होती, आठवण येणाऱ्या गोष्टींची. ती मी क्रमानं दाखवायला घेतली. पहिली ट्राम. एस्प्लनेडहून खिदिरपूरला जाणारी ट्राम मैदानातून जाते, दोन्हीकडे हिरवळ, झाडं, लांबवर धुक्यात क्रिकेट खेळणारी मुलं. सहा वर्षांत मी कितीदा नुसती हवा खायला त्या ट्राममधून गेले असेन. "आता बघा," मी वन्संना म्हटलं, आणि ट्राम बंद पडली. डोक्यावरची, तारेला टेकणारी दांडी निसटली होती.

कंडक्टर खाली उतरून दोरीनं दांडी ओढायला लागला. दांडी तारेच्या डावीकडे जाई, मग उजवीकडे. उतारूंमध्ये दोन तट पडले. एक म्हणे दोरी सैल सोड, दुसरा म्हणे ताण. धोतरातले एक बाबू म्हणाले की दोष दोरीचा नाही, व्यवस्थेचा आहे. वन्संनी पाच मिनिटं कळ काढली. मग त्या उठल्या, दारात उभ्या राहिल्या आणि आपल्या खास सदाशिव पेठी हिंदीत म्हणाल्या, "कोन बघो, कोन! तुम उसको तिरका क्यों धरता है?" कंडक्टरनं दचकून दोरी सरळ धरली आणि दांडी बसली. बाबूंनी वन्संना नमस्कार केला, पण व्यवस्थेबद्दलचं मत काही बदललं नाही. खिदिरपूरपर्यंत त्या दोघांचा वाद चालला. मैदान केव्हा आलं आणि केव्हा गेलं ते वन्संनी पाहिलंच नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

खिदिरपूरला मी ह्यांची जुनी कचेरी लांबून दाखवली, गोदीतली जहाजं दाखवली. "जहाजं मुंबईलाही असतात," वन्सं म्हणाल्या. तिथून बेहालाला गेलो. बेहालात एका गल्लीत एक शिंगाड्यांचं दुकान होतं. शिंगाडा म्हणजे समोसा, पण तसं म्हटलेलं बंगाली माणसाला आवडत नाही. हिवाळ्यात त्यात फ्लॉवर आणि शेंगदाणे घालतात. त्या शिंगाड्यांसाठी मी पुण्यात अक्षरशः सुस्कारे टाकलेले होते. आम्ही पोहोचलो दुपारी दोनला. दुकान बंद. मालक आत बाकावर माकडटोपी घालून झोपला होता. मी फळी वाजवली. त्यानं एक डोळा उघडला, "चारटे," (चारला) एवढं म्हणाला आणि डोळा मिटला.

मी वन्संकडे बघायला भीत होते. त्यांचा चेहरा मात्र पहिल्यांदा उजळला होता. "हा माणूस व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी झोपतो. गिऱ्हाईक आलं म्हणून उठत नाही." माझ्या सगळ्या यादीत त्यांना पसंत पडलेली पहिली गोष्ट म्हणजे हे बंद दुकान. चारपर्यंत थांबायला मात्र त्या तयार नव्हत्या, त्यांचीही झोपेची वेळ झाली होती.

त्या संध्याकाळी मासीमांनी माझा घात केला. चहा घेताना त्या वन्संना म्हणाल्या, "दीदी, ही मालती इथे सहा वर्षं होती ना, रोज पुणा पुणा करायची. पुण्याची हवा, पुण्याचं पाणी, पुण्याची भाकरी. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते." हे सगळं हिंदीत, वन्संना शब्दन् शब्द समजेल असं. वन्संनी बशीतला चहा संपवला. "अस्सं," त्या म्हणाल्या. त्यांच्या शाळेतल्या मुली ह्या 'अस्सं'ला फार घाबरत असत म्हणे. मी कपबश्या उचलून मोरीवर पळाले.

मग आला सोमवार. वन्संचा सोमवारचा उपास. रात्री भिजवलेला साबुदाणा त्यांनी सकाळीच पुढ्यात घेतला आणि मासीमांना म्हणाल्या, "आज मैं सिर्फ साबुदाना खायेगी." झालं. बंगाल्यांकडे साबू खातं कोण, तर आजारी माणूस. ताप आला, पोट बिघडलं, की साबूची पातळ पेज देतात. धडधाकट माणूस सकाळी उठून आपण होऊन साबू मागतो हे तिथं कुणी पाहिलेलं नाही. मासीमांनी वन्संच्या कपाळाला हात लावला. "ज्वर?" (ताप?)

हा उपास आहे, ह्याची शेंगदाणे-बटाटा घालून खिचडी करतात, हे सांगायला मी धावले. मासीमा म्हणाल्या, "उपास असेल तर लुची कर ना. उपासाला भात नाही खायचा, लुची चालते." लुची म्हणजे मैद्याची पुरी. वन्सं ताठ झाल्या. "पुरी खाल्ली तर तो उपास कसला? तो सण झाला." मासीमा म्हणाल्या, "आणि शेंगदाणे, बटाटा, तूप घालून ताटभर खायचं, तो कसला?" वन्सं उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि खिचडी परतायला लागल्या. मासीमांनी परातभर खिचडीकडे पाहिलं आणि त्यांची खात्रीच पटली. एवढा साबू लागतोय म्हणजे दुखणं मोठं आहे, आणि ही बाई मानी आहे म्हणून सांगत नाही. त्यांनी शेजारच्या डॉक्टरबाबूंना निरोप धाडला.

डॉक्टरबाबू होमिओपॅथीचे. सत्तरीचे, गळ्याला मफलर, हातात लाकडी पेटी. ते वन्संसमोर खुर्ची ओढून बसले आणि वही उघडली. मला वाटलं आता वन्सं त्यांना उंबऱ्याबाहेर काढणार. पण डॉक्टरबाबूंनी नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. होमिओपॅथीचं तंत्रच ते. आधी माणूस कळला पाहिजे, मग गोळी.

आंबट आवडतं की खारट? राग आला की बोलता की गप्प बसता? झोपताना तोंड कुठल्या बाजूला? स्वप्नात पाणी दिसतं का? दार बंद केलं की नाही हे उठून बघता का? एकट्या असताना बरं वाटतं की चार माणसांत?

पहिल्या दोन प्रश्नांना वन्संनी एका शब्दात उत्तर दिलं. तिसऱ्याला एक वाक्य. पाचव्या प्रश्नाला त्या खुर्चीत पुढे सरकल्या. विसाव्या प्रश्नापर्यंत त्या लहानपणी विहिरीत पडलेली कळशी, शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई, पहिला पगार, सगळं सांगायला लागल्या होत्या. हिंदी संपलं की मराठीत, आणि डॉक्टरबाबू खुशाल लिहून घेत होते. मी मध्ये भाषांतर करायला गेले तर दोघांनीही मला हातानं गप्प केलं. मी घड्याळ पाहिलं. एक तास दहा मिनिटं झाली होती, पण हा आकडा वन्संनी पाठ केला नाही.

शेवटी डॉक्टरबाबूंनी वही मिटली. "ताप नाही," त्यांनी मासीमांना सांगितलं. मासीमा जरा हिरमुसल्या. मग त्यांनी साबुदाण्याएवढ्याच गोळ्यांची एक बाटली वन्संना दिली, रोज सकाळी चार, आणि आपण रोज संध्याकाळी बघायला येऊ म्हणाले. गोळ्या कशावर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि वन्संनी विचारलं नाही. उरलेली खिचडी डॉक्टरबाबूंनीच खाल्ली. मासीमांनीही चाखली. "रोग्याच्या जेवणाला एवढी चव?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाढून घेतली.

नंतरचे दिवस माझी यादी बाजूलाच पडली. संध्याकाळी डॉक्टरबाबू यायचे, मासीमा यायच्या, ट्राममधले ते धोतरवाले बाबूही एकदा आले. ते पलीकडच्याच गल्लीत राहत होते. उपासाला पुरी चालावी की साबुदाणा, ह्यावर चार चार तास चर्चा व्हायची. मी शिंगाड्यांना चला म्हणाले की वन्सं म्हणायच्या, "तू जाऊन ये." मी एकटीच बेहालाला गेले, चारनंतर, गरम शिंगाडे खाल्ले. चांगले होते. पण पुण्यात आठवायचे तेवढे नव्हते, खरं सांगते. पुण्यात ते दर महिन्याला थोडे मोठे आणि थोडे कुरकुरीत होत गेले होते.

निघताना मासीमा रडल्या. वन्सं रडल्या नाहीत. साबुदाण्याचा डबा त्यांनी मासीमांकडेच ठेवला. मला वाटलं, डाग कमी करतायत. त्यांनी मात्र अजून हो किंवा नाही म्हटलं नव्हतं आणि दहा दिवस संपले होते.

परतीच्या गाडीत दुसऱ्या दिवशी नागपूरला संत्री घेतली. वन्सं खिडकीशी बसून संत्रं सोलत होत्या. मी धीर केला. "मग वन्सं? काय ठरवलंत?"

"तुझ्या यादीतलं मला फारसं काही पटलं नाही," त्या म्हणाल्या. "दही गोड. ट्राम अडते. धूर. एक तास दहा मिनिटं."

माझा चेहरा पडला असणार. त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"त्या डॉक्टरनं मला विचारलं, दिवसभर कुणाशी बोलता? मी सांगितलं, भावजय आहे, ती बोलते आणि मी ऐकते. ते खरं आहे. पण त्याच्या आधीची सहा वर्षं मी त्याला सांगितली नाहीत."

मी संत्र्याचे धागे काढत बसले.

"शाळेतून यायचं, कुलूप काढायचं, रेडिओ लावायचा. साडेसातच्या बातम्या. बातम्या देणारा चुकला की मी त्याच्याशी भांडायची. मोठ्यानं. एकदा शेजारच्या गोखलीणबाई विचारायला आल्या, कोण पाहुणे आलेत म्हणून." वन्सं थोडं हसल्या. "मला तुझ्या कलकत्त्याचा भयंकर राग होता, मालती. माझा भाऊ सहा वर्षं तिथं का रमला, ते बघायला आले होते मी. शहर बघायला नव्हे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"तू बोलत होतीस ना. परत आल्यापासून दोन वर्षं डोकं खाल्लंस माझं. मी नाक मुरडत होते, पण तुझ्या पोळ्या होईस्तोवर कधी उठून गेले का?"

नव्हत्या गेल्या. एक दिवसही नाही. पाव किलो भाजी निवडायला त्या दीड तास लावत आणि मला वाटे, बाई फार चिकित्सक आहे. मी सहा वर्षं त्यांना महिन्याला एक अंतर्देशीय पत्र पाठवलं. त्यात पाऊस किती पडला ते असे आणि मुलगा किती इंच वाढला ते. तुमचं कसं चाललंय, हे मी सवयीनं शेवटच्या ओळीत लिहायची आणि उत्तर आलं की ती ओळ वाचायची नाही. मला भर गाडीत रडू आलं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मला विचारलं, बरं वाटत नाही का. वन्सं म्हणाल्या, "तिला बरं आहे. संत्रं आंबट निघालं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "घर तीन खोल्यांचं बघायला सांग त्याला. तळमजला. माझे गुडघे दुखतात."

आता आम्हांला कलकत्त्यात येऊन पाच महिने झाले. यादीतलं सगळं पुन्हा हाताशी आहे आणि मी त्यातलं निम्मं विसरून जाते. जवळ राहून माणसाला गावाचं कौतुक सुचत नाही, त्यासाठी दूर जावं लागतं. आता पुण्यापासून दूर आल्यात त्या वन्सं. सकाळी मी कणीक मळायला घेतली की त्या भाजीचं ताट घेऊन समोर बसतात. इथल्या वांग्यांना चव नाही. पाण्याला वास आहे. पुण्यात माणसं कशी रांगेत उभी राहतात, दूधवाला कसा वेळेवर येतो, पर्वतीच्या पायऱ्या मोजत चढताना सकाळी कसा वारा असतो. हेच दूधवाले, हीच रांग, दोन वर्षं त्यांनी माझ्यासमोर यथेच्छ झोडपलेली.

काल त्या मध्येच थांबल्या. "तुला कंटाळा येत असेल, मालती. तेच तेच सांगते मी."

मी हात धुतले, पाट ओढला आणि त्यांच्या ताटातली अर्धी भाजी माझ्याकडे घेतली.

"सांगा," मी म्हटलं. "पर्वतीच्या कितव्या पायरीपर्यंत आलो होतो आपण?"